मिनेसोटा राज्य : भूगोल, अर्थव्यवस्था आणि इतिहास यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा, सून किंवा भाची नोकरीनिमित्त मिनेसोटात गेली की घरात त्या राज्याविषयी चौकशी सुरू होते आणि ती बहुतेक वेळा थंडीपाशीच थांबते. त्यापलीकडे जाणारे, वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एक विषय दुसऱ्यात गुंतला आहे, तिथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मिनेसोटा नकाशात कुठे शोधायचे आणि ते किती मोठे आहे?

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या साधारण मध्यावर हे राज्य आहे. उत्तरेला कॅनडाचे मॅनिटोबा आणि ऑन्टॅरिओ हे प्रांत, पश्चिमेला नॉर्थ डकोटा व साउथ डकोटा, दक्षिणेला आयोवा, पूर्वेला विस्कॉन्सिन आणि ईशान्येला सुपीरियर सरोवर अशा त्याच्या सीमा आहेत. क्षेत्रफळ सुमारे २,२५,००० चौरस किलोमीटर आहे आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५७,०६,४९४ होती. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पाऊणपट जागेत पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी माणसे राहतात आणि त्यांतलीही निम्म्याहून अधिक एकाच महानगर परिसरात आहेत. ११ मे १८५८ रोजी मिनेसोटा संघराज्यातील बत्तिसावे राज्य झाले. त्यात आज ८७ काउंटी आहेत.

२. राजधानी मिनिॲपोलिस की सेंट पॉल?

राजधानी सेंट पॉल आहे आणि सर्वांत मोठे शहर मिनिॲपोलिस. दोन्ही शहरे मिसिसिपी नदीच्या काठी एकमेकांना लागून असल्यामुळे त्यांना ‘जुळी शहरे’ म्हणतात. त्यांची वाढ मात्र वेगवेगळ्या कारणांनी झाली. आगबोटींना नदीतून वरच्या बाजूला जिथपर्यंत सहज येता येत असे, तिथे सेंट पॉलची बाजारपेठ उभी राहिली. तिथून थोड्या अंतरावरच्या धबधब्याच्या जोरावर मिनिॲपोलिस वाढले (प्रश्न ९ पाहा).

३. ‘दहा हजार सरोवरांची भूमी’ ही केवळ जाहिरात आहे का?

उलट हा आकडा कमी सांगितलेला आहे. दहा एकरांहून मोठी सरोवरे मोजली तर ती ११,८४२ भरतात. त्यांचे मूळ हिमयुगात आहे. बर्फाच्या प्रचंड थरांनी उत्तरेकडचा जुना खडक खरवडून काढला आणि दक्षिणेकडे माती, वाळू व दगडगोटे यांचे ढीग टाकले. बर्फ मागे हटताना त्याचे मोठाले तुकडे या ढिगांत गाडले गेले आणि ते वितळल्यावर उरलेल्या खड्ड्यांत पाणी साचले. राज्याच्या वायव्य भागात तर ॲगासीझ नावाचे एक विराट हिमसरोवर होते. ते आटल्यावर मागे राहिलेला सपाट, काळ्या मातीचा तळ म्हणजे आजचे रेड नदीचे खोरे होय.

याला एक ठळक अपवाद आहे. आग्नेय कोपऱ्यातील काही भाग शेवटच्या हिमयुगात बर्फाखाली आला नाही. तिथे नद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्या आणि कडे आहेत, पण नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. केवळ तो भाग पाहून परतलेल्या पाहुण्याला राज्याचे हे टोपणनाव खोटे वाटले तर नवल नाही.

४. थंडी खरोखर किती असते? रोजचे व्यवहार चालतात का?

राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद टॉवर या गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ रोजी झाली. ती उणे ५१ अंश सेल्सिअस होती. हे अर्थात टोकाचे उदाहरण झाले. मिनिॲपोलिसमध्ये जानेवारीतील रात्रीचे सरासरी तापमान उणे १३ अंशांच्या आसपास असते, तर जुलैत दुपारी पारा सहज २८ अंशांवर जातो आणि हवा दमट असते. महासागरापासून शेकडो कोस दूर, खंडाच्या मध्यभागी असल्यामुळे ऋतूंमधला हा फरक इतका मोठा आहे.

व्यवहार चालतात, कारण शहरांची रचनाच त्या बेताने झाली आहे. मिनिॲपोलिसच्या मध्यवस्तीत इमारती दुसऱ्या (आपल्याकडच्या पहिल्या) मजल्यावरून काचेच्या बंद पुलांनी जोडलेल्या आहेत. पहिला पूल १९६२ मध्ये झाला आणि आज हे जाळे सुमारे १५ किलोमीटर लांबीचे आहे; त्यातून कोट न घालता कार्यालय, बँक, जेवणघर असे फिरता येते. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरांवर लोक छोट्या खोल्या ओढत नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि शेगडीशेजारी बसून मासे पकडतात. नव्याने गेलेल्यांना एवढेच कळकळीने सांगावेसे वाटते की चालण्यासाठी निदान चार इंच स्वच्छ, टणक बर्फ लागतो आणि बर्फाखालून वाहते पाणी असेल तर त्या चार इंचांवरही भरवसा ठेवू नये.

५. भारताच्या आणि तिथल्या वेळेत किती फरक आहे?

हिवाळ्यात साडेअकरा तास आणि मार्च ते नोव्हेंबर या काळात साडेदहा तास; भारताची वेळ पुढे असते.

६. मिसिसिपी नदी इथे उगम पावते, मग राज्याचे सगळे पाणी दक्षिणेकडेच वाहते का?

नाही, आणि या राज्याच्या भूगोलातील ही सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. मिसिसिपी इटास्का सरोवरातून निघते आणि सुमारे ३,७०० किलोमीटर वाहत जाऊन मेक्सिकोच्या आखाताला मिळते. उगमाशी ती एवढी उथळ आहे की मांडून ठेवलेल्या दगडांवरून लहान मूलही पलीकडे जाते. हेन्री स्कूलक्राफ्ट १८३२ मध्ये इथे पोहोचला आणि उगमाचा शोध त्याच्या नावावर लागला. प्रत्यक्षात त्याला वाट दाखवणारा ओझाविंडिब हा ओजिब्वे म्होरक्या होता आणि त्याच्या लोकांना ही जागा आधीपासून माहीत होती. १८९१ मध्ये तिथे राज्यातील पहिले राज्य उद्यान स्थापन झाले.

पश्चिम सीमेवरची रेड नदी मात्र उत्तरेकडे, कॅनडातील विनिपेग सरोवराकडे वाहते आणि तिचे पाणी अखेर हडसन उपसागरात जाते. वसंतात वरच्या अंगाचा म्हणजे दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि उत्तरेकडे नदी अजून गोठलेलीच असते. पाणी पुढे सरकू शकत नाही आणि सपाट खोऱ्यात मैलोन्‌मैल पसरते. १९९७ च्या पुरात ईस्ट ग्रँड फोर्क्स आणि नदीपलीकडचे ग्रँड फोर्क्स ही दोन्ही शहरे यामुळेच रिकामी करावी लागली.

तिसरी वाट पूर्वेची. ईशान्येकडच्या लहान नद्या सुपीरियर सरोवराला मिळतात आणि ते पाणी महासरोवरांतून सेंट लॉरेन्समार्गे अटलांटिकला जाते. हिबिंगजवळच्या एका टेकडीवर हे तिन्ही जलविभाजक एकत्र येतात, त्यामुळे तिथे पडलेल्या पावसाचे पाणी तीन वेगवेगळ्या समुद्रांच्या वाटेला लागते.

७. युरोपीय लोक येण्यापूर्वी इथे कोण राहत होते? जमीन त्यांच्या हातून कशी गेली?

दक्षिणेत आणि पश्चिमेत डकोटा, तर उत्तरेत आणि पूर्वेत ओजिब्वे म्हणजेच अनिशिनाबे हे मुख्य लोक होते. राज्याचे नाव डकोटा भाषेतील आहे. फ्रेंच आणि नंतर ब्रिटिश व्यापाऱ्यांशी त्यांचा कातड्यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालला. सुपीरियर सरोवराच्या काठच्या ग्रँड पोर्टेज येथे हमाल पाठीवर गाठोडी घेऊन सुमारे १४ किलोमीटरची चढणीची वाट तुडवत असत, कारण तिथल्या नदीत धबधब्यांमुळे होडी चालत नव्हती. १८२० मध्ये मिनेसोटा आणि मिसिसिपी नद्यांच्या संगमावर फोर्ट स्नेलिंगचे बांधकाम सुरू झाले आणि सत्तेचे पारडे फिरले.

निर्णायक घाव १८५१ च्या दोन करारांनी घातला. त्यांत डकोटांनी सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन सोडली. मोबदला रोख हाती न देता वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले. ट्रॅव्हर्स दे स्यू येथे प्रमुखांकडून आणखी एका कागदावर खुणा करून घेण्यात आल्या. त्या कागदाने मोबदल्यातील मोठी रक्कम व्यापाऱ्यांच्या जुन्या ‘येण्या’पोटी वळती केली. हा कागद कराराचाच भाग आहे, अशी प्रमुखांची समजूत होती. पुढे याच राज्याच्या इमारती लाकडाची, गव्हाची आणि लोखंडाची जी भरभराट झाली, ती सगळी अशा करारांनी मिळवलेल्या जमिनीवर झाली. पुढची उत्तरे वाचताना ही गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये.

८. मॅनकेटो येथे १८६२ मध्ये काय घडले?

२६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी, एकाच चौकटीवर फाशी देण्यात आली. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवशी सरकारने दिलेली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी आहे.

मिनेसोटा नदीकाठच्या अरुंद पट्ट्यात डकोटांना कोंबण्यात आले होते आणि १८५८ मध्ये त्यातलाही उत्तरेकडचा अर्धा भाग गेला होता. १८६१ चे पीक बुडाले. १८६२ च्या उन्हाळ्यात यादवी युद्धाच्या धामधुमीत वार्षिक हप्ता वेळेवर आला नाही. सरकारी कोठारात धान्य पडून होते आणि लोक उपाशी होते, पण व्यापारी उधार देईनात. ऑगस्टमध्ये लढाई पेटली. टाओयाटेडुटा म्हणजेच लिटल क्रो या प्रमुखाने पराभव समोर दिसत असूनही नेतृत्व स्वीकारले. काही आठवड्यांत शेकडो वसाहतवासी मारले गेले, त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. सगळे डकोटा या लढाईच्या बाजूने नव्हते आणि अनेकांनी वसाहतवासीयांना आसरा दिला, हेही नोंदले पाहिजे.

नंतर लष्करी आयोगाने ३०३ जणांना मृत्युदंड सुनावला. आरोपींना वकील नव्हते आणि काही खटले पाच मिनिटांतच उरकले गेले. अध्यक्ष लिंकन यांनी कागदपत्रे मागवून घेतली आणि बहुतेकांची शिक्षा रद्द केली. लढाईत भाग न घेतलेल्या सुमारे १,६०० जणांना, ज्यांत मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते, फोर्ट स्नेलिंगखालच्या छावणीत हिवाळाभर डांबण्यात आले. तिथे रोगराईने अनेकांचा बळी घेतला. १८६३ मध्ये काँग्रेसने कायदा करून डकोटांना राज्याबाहेर घालवले. काही कुटुंबे हळूहळू परतली आणि आज त्यांचे चार समाज राज्यात आहेत. २०२४ मध्ये अप्पर स्यू एजन्सी या राज्य उद्यानाची जमीन राज्याने अप्पर स्यू या डकोटा समाजाला परत दिली. उशिरा का होईना, हे योग्यच झाले.

९. मिनिॲपोलिसला ‘गिरण्यांचे शहर’ का म्हणतात?

सुमारे १८८० ते १९३० ही पन्नास वर्षे मिनिॲपोलिस हे पीठ दळण्यात जगात पहिले होते. मिसिसिपीवरचा सेंट अँथनी धबधबा या गिरण्यांना शक्ती पुरवीत असे आणि पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतून रेल्वेने गहू येई.

पाणी आणि गहू एवढ्यावर मात्र हे यश मिळाले नसते. इथे हिवाळी गहू थंडीने मरतो, म्हणून वसंतात पेरायचा टणक लाल गहू घेतला जाई. दगडी जात्यांत त्याचा ठिसूळ कोंडा चुरा होऊन पिठात मिसळायचा, पीठ काळपट दिसायचे आणि त्याला भाव मिळत नसे. १८७० च्या दशकात रवा शुद्ध करणारे यंत्र आले. हलत्या चाळणीखालून हवेचा झोत सोडला की हलका कोंडा वर उडून जाई आणि चिकटपणाने भरलेला जड रवा खाली उरे. तो पुन्हा दळला की पांढरे, पावासाठी उत्तम पीठ मिळे. त्यानंतर दगडांची जागा पोलादी रोलरांनी घेतली. ज्या गव्हाला कालपर्यंत कोणी विचारत नव्हते, त्याच्या पिठाला आता सर्वांत चढा भाव मिळू लागला.

हवेत तरंगणारे पिठाचे बारीक कण ठिणगी पडताच भडकतात. २ मे १८७८ च्या संध्याकाळी वॉशबर्न ‘ए’ गिरणीत असाच स्फोट होऊन १८ कामगार ठार झाले. त्यानंतर धूळ ओढून घेणारी यंत्रणा उभी राहिली. आज त्याच गिरणीच्या भग्न भिंतींच्या आत २००३ पासून संग्रहालय आहे. दळण्याचा धंदा पुढे न्यूयॉर्क राज्यातील बफेलोकडे सरकला, पण पिल्सबरी आणि १९२८ मध्ये स्थापन झालेली जनरल मिल्स ही नावे याच धबधब्याकाठची आहेत.

१०. मेसाबीच्या लोखंडाचे एवढे महत्त्व का?

मेसाबी हा ईशान्य मिनेसोटातील लोहखनिजाचा पट्टा. तिथले खनिज मुबलक होते, मऊ होते आणि जमिनीच्या अगदी जवळ होते, म्हणून. १८९० मध्ये मेरिट बंधूंच्या माणसांना माउंटन आयर्न येथे साठा सापडला आणि १८९२ मध्ये पहिला माल रवाना झाला. १८९३ च्या आर्थिक संकटात मेरिट कुटुंबाचे सर्वस्व गेले आणि ताबा रॉकफेलर यांच्याकडे आला. १९०१ मध्ये या खाणी यू. एस. स्टील या नव्या महाकंपनीच्या हाती गेल्या. बोगदे न खणता वाफेच्या फावड्यांनी थेट खनिज उचलता येत असल्यामुळे उत्पादन झपाट्याने वाढले. दोन्ही महायुद्धांतील अमेरिकी जहाजे, तोफा आणि रणगाडे यांच्यासाठी लागलेल्या खनिजाचा फार मोठा भाग या एका पट्ट्याने पुरवला.

हिबिंग शहराच्या कथेवरून या खाणींचा आवाका कळतो. शहराच्या खालीच उत्तम खनिज सापडले, म्हणून १९१९ पासून शहरच दक्षिणेकडे हलवायला सुरुवात झाली. सुमारे दोनशे घरे पायासकट उचलून ओंडक्यांवर ठेवली आणि यंत्रांनी ओढत नेली. सेलर्स हॉटेल वाटेतच घसरून मोडून पडले. नव्या गावात खाणकंपन्यांच्या करातून सुमारे ४० लाख डॉलर खर्चून जे हायस्कूल बांधले गेले, ते आजही पाहण्यासारखे आहे. हल-रस्ट-महोनिंग ही तिथली उघडी खाण पाच किलोमीटरच्या आसपास लांब आहे.

११. उत्तम लोखंड संपले असे वाचले होते. मग खाणी अजून कशा चालू आहेत?

दुसऱ्या महायुद्धानंतर उच्च प्रतीचे खनिज खरोखरच संपत आले. आज काढला जातो तो टॅकोनाइट हा अतिशय कठीण खडक. त्यात लोहाचे प्रमाण साधारण २५ ते ३० टक्केच असते. मिनेसोटा विद्यापीठातील ई. डब्ल्यू. डेव्हिस यांनी अनेक दशके खपून त्यावर प्रक्रिया बसवली. खडकाची पूड करायची, चुंबकाने लोहकण वेगळे काढायचे, मातीच्या साहाय्याने त्यांच्या बोरासारख्या गोळ्या वळायच्या आणि भट्टीत भाजायच्या. या गोळ्यांत लोह ६५ टक्क्यांच्या आसपास असते. अमेरिकेतील बहुतांश लोहखनिज आजही इथूनच येते.

या प्रक्रियेत गोळ्यांच्या सुमारे दुप्पट गाळ उरतो. सिल्व्हर बे येथील कारखाना १९५० च्या दशकापासून रोज सुमारे ६७,००० टन गाळ थेट सुपीरियर सरोवरात सोडत होता. १९७३ मध्ये सरोवराकाठच्या डुलुथ शहराच्या पिण्याच्या पाण्यात ॲस्बेस्टॉससदृश तंतू आढळले. एप्रिल १९७४ मध्ये न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. वरिष्ठ न्यायालयाने दोनच दिवसांत त्याला स्थगिती दिली. बरीच वर्षे खटला चालल्यावर १९८० पासून गाळ जमिनीवरील तळ्यात साठवला जाऊ लागला. पर्यावरण कायद्याच्या इतिहासात या खटल्याचा उल्लेख हटकून होतो.

१२. समुद्र नाही, तरी डुलुथला मोठे बंदर कसे?

सुपीरियर हे क्षेत्रफळाने जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर आहे आणि डुलुथ त्याच्या पश्चिम टोकाला आहे. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग पूर्ण झाल्यापासून सागरी जहाजे अटलांटिकपासून सुमारे ३,७७० किलोमीटर आत, थेट इथपर्यंत येऊन धान्य भरतात. लोहगोळ्या वाहणारी हजार फुटी जहाजे मात्र कधीच समुद्रात जात नाहीत. समुद्राच्या वाटेवरील वेलंड कालव्यातील पाणकुलपांत (जहाजांना पाण्यासह वर-खाली नेणाऱ्या बंदिस्त हौदांत) ती मावत नसल्यामुळे त्यांचा जन्म महासरोवरांतच जातो. सुपीरियरच्या पूर्व टोकाजवळील सू येथील पाणकुलपे जानेवारीच्या मध्यापासून २५ मार्चपर्यंत बंद राहतात आणि तेवढा काळ बंदर जवळजवळ झोपी जाते.

१३. शेतीत मुख्य काय पिकते? तिथेही सहकारी साखर कारखाने आहेत, हे खरे का?

मका, सोयाबीन आणि वराहपालन ही दक्षिणेची मुख्य मिळकत आहे. टर्की आणि शुगरबीट यांच्या उत्पादनात हे राज्य देशात पहिले आहे. दुधाच्या क्षेत्रातील लँड ओ’लेक्स ही संस्थाही १९२१ मध्ये इथल्याच लोणी उत्पादकांनी सहकारातून उभारली.

साखरेचे म्हणाल तर होय. रेड नदीच्या खोऱ्यातील बीट उत्पादकांनी १९७३ मध्ये अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनीच विकत घेतली आणि तिची सहकारी संस्था केली. तिचे मुख्यालय मूरहेड येथे आहे. प्रवरानगरपासूनचा सहकार माहीत असलेल्या वाचकाला सभासद, शेअर, संचालक मंडळ हे सारे ओळखीचे वाटेल, पण शेअरचा अर्थ तिथे अधिक काटेकोर आहे. ठरावीक शेअरमागे एक एकर बीट लावण्याचा हक्क मिळतो आणि तेवढे लावण्याचे बंधनही येते, त्यामुळे कारखान्यापुढे अतिरिक्त उसासारखा प्रश्न सहसा उभा राहत नाही.

उसाचे गाळप तोडणीनंतर लगेच करावे लागते, बीटचे तसे नसते. ऑक्टोबरमध्ये रात्रंदिवस काढणी चालते आणि उघड्यावर बीटचे डोंगर रचले जातात. पुढे कडाक्याची थंडी त्यांना गोठवते आणि कारखाना वसंतापर्यंत त्यातून साखर काढत राहतो. काढणीच्या वेळी हवा उबदार झाली की काम थांबवतात, कारण गरम बीट ढिगात कुजते. सहकार म्हणजे सगळे आलबेल असेही नाही: २०११ मध्ये करारावरून वाद होऊन सुमारे १,३०० कामगारांना टाळेबंदीने बाहेर ठेवले गेले आणि ते प्रकरण २०१३ मध्ये मिटले.

१४. आज राज्य कशावर चालते? वैद्यकीय क्षेत्राचे एवढे नाव का?

आरोग्यविमा, किरकोळ विक्री, अन्नप्रक्रिया आणि वैद्यकीय उपकरणे यांवर. युनायटेडहेल्थ, टार्गेट, बेस्ट बाय, कारगिल आणि थ्रीएम यांची मुख्य कार्यालये जुळ्या शहरांच्या परिसरात आहेत. थ्रीएमची सुरुवात १९०२ मध्ये टू हार्बर्स येथे कुरुंदाच्या खाणीपासून झाली. सापडलेला दगड कुरुंद नव्हताच, म्हणून कंपनी आयात दगडावर घासकागद बनवू लागली आणि तिथून चिकटपट्टीपर्यंत पोहोचली.

वैद्यकीय क्षेत्राची पाळेमुळे जुनी आहेत. ऑगस्ट १८८३ मध्ये रॉचेस्टर गावाला टोर्नेडो या भोवऱ्यासारख्या वादळाने उद्ध्वस्त केले. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या फ्रान्सिस्कन भगिनींनी डॉ. मेयो यांच्यापुढे रुग्णालयाचा प्रस्ताव ठेवला आणि १८८९ मध्ये सेंट मेरीज सुरू झाले. त्यातूनच अनेक विषयांच्या तज्ज्ञांनी एका रुग्णाचा एकत्र विचार करण्याची मेयो क्लिनिकची पद्धत वाढली. १९५७ मध्ये मिनिॲपोलिसची वीज गेली तेव्हा विजेवर चालणारे हृदयस्पंदक (पेसमेकर) बंद पडण्याचा धोका स्पष्ट झाला. शल्यविशारद लिलेहाय यांच्या सांगण्यावरून अर्ल बॅकन यांनी बॅटरीवर चालणारे, अंगावर बाळगता येईल असे यंत्र बनवले. त्यांची मेडट्रॉनिक १९४९ मध्ये एका गॅरेजमध्ये सुरू झाली होती. २०१५ पासून तिचे कायदेशीर मुख्यालय आयर्लंडमध्ये असले, तरी कारभार मिनेसोटातूनच चालतो.

१५. तिथे फक्त स्कँडिनेव्हियन वंशाचेच लोक आहेत का?

जर्मन, नॉर्वेजियन आणि स्वीडिश वंशाचे लोक खूप आहेत आणि खाणपट्ट्यात फिनिश, स्लोव्हेनियन, इटालियन कुटुंबे स्थिरावली. परंतु १९७५ नंतर लाओसमधून आलेल्या ह्मोंग निर्वासितांनी सेंट पॉलचा आणि १९९० च्या दशकापासून आलेल्या सोमाली लोकांनी मिनिॲपोलिसचा चेहरा बदलला. देशातील सर्वांत मोठा सोमाली समाज इथेच आहे. मराठी कुटुंबे मुख्यतः संगणक, विमा आणि वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांमुळे आली असून बरीचशी उपनगरांत राहतात. त्यांपैकी मेपल ग्रोव्ह येथे मोठे हिंदू मंदिर आहे.

१६. मिनेसोटात व्हायकिंग पोहोचले होते का?

तसा विश्वासार्ह पुरावा नाही. १८९८ मध्ये केन्सिंग्टनजवळ ओलोफ ओमन या स्वीडनहून आलेल्या शेतकऱ्याच्या जमिनीत १३६२ सालचा उल्लेख असलेला, रून या जुन्या स्कँडिनेव्हियन लिपीतील शिलालेख सापडला. भाषा आणि अक्षरवळण पाहता तो एकोणिसाव्या शतकातील आहे, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे. नॉर्स म्हणजे व्हायकिंगांच्या काळातले स्कँडिनेव्हियन लोक उत्तर अमेरिकेत आले होते हे खरे, पण त्याचा पुरावा कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचा आहे.

१७. जुन्या करारांना आज काही किंमत आहे का?

आहे आणि ती न्यायालयाने मान्य केली आहे. १८३७ च्या करारात ओजिब्वेंनी जमीन सोडली, पण त्या जमिनीवर शिकार, मासेमारी आणि जंगली तांदूळ गोळा करण्याचा हक्क राखला होता. राज्य झाल्यावर तो हक्क संपला, असा राज्याचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. राज्यात आज संघराज्याने मान्यता दिलेली अकरा आदिवासी राष्ट्रे आहेत.

जंगली तांदूळ म्हणजे उथळ पाण्यात आपोआप वाढणारे गवत. आपल्या भाताशी त्याचे नाते दूरचे आहे. ऑगस्टच्या अखेरीस दोघे जण अरुंद होडीतून निघतात. एक जण काठीने होडी ढकलतो आणि दुसरा एका हातातील दांडीने कणसे होडीवर वाकवून दुसऱ्या हातातील दांडीने हलकेच झोडतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, कच्चे देठावर राहतात आणि काही पाण्यात पडून पुढच्या वर्षाचे बी होतात. हे पीक स्वच्छ पाण्यावर अवलंबून असल्यामुळे खाणींच्या सांडपाण्याचा वाद (प्रश्न ११) ओजिब्वेंसाठी अन्नाचाही वाद आहे.

१८. नकाशावर राज्याचा एक तुकडा कॅनडात घुसलेला का दिसतो आणि तिथे गाडीने जाता येते का?

त्याला नॉर्थवेस्ट अँगल म्हणतात आणि अलास्का वगळता अमेरिकेचे हे सर्वांत उत्तरेचे टोक आहे. १७८३ च्या पॅरिस करारात सीमा ‘लेक ऑफ द वुड्स’च्या वायव्य टोकापासून सरळ पश्चिमेला मिसिसिपीपर्यंत जाईल, असे लिहिले गेले. त्या वेळच्या नकाशांत नदीचा उगम चुकीचा होता. प्रत्यक्षात तो बराच दक्षिणेला असल्यामुळे (प्रश्न ६) ती रेषा नदीला कधीच भेटत नव्हती. १८१८ मध्ये तोडगा निघाला: त्या टोकापासून रेषा खाली ४९ व्या अक्षवृत्तापर्यंत आणायची आणि मग पश्चिमेला न्यायची. त्यामुळे सरोवरापलीकडचा जमिनीचा एक तुकडा अमेरिकेकडे राहिला, पण उरलेल्या राज्यापासून तुटला.

गाडीने जायचे तर मॅनिटोबातून जावे लागते, म्हणजे सीमा दोनदा ओलांडावी लागते. भारतीय पारपत्रावर आणि अमेरिकेच्या कामाच्या किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना त्यासाठी कॅनडाचाही व्हिसा लागतो. केवळ मिनेसोटातच तर जायचे आहे, या समजुतीने निघू नये. ग्रीन कार्ड असलेल्यांना हा व्हिसा लागत नाही, पण कागदपत्रे जवळ हवीतच. उन्हाळ्यात सरोवरातून होडीने अमेरिकेच्या हद्दीतच राहून तिथे पोहोचता येते. महासाथीत कॅनडाची सीमा बंद झाली, तेव्हा २०२१ च्या हिवाळ्यात तिथल्या रहिवाशांनी गोठलेल्या सरोवरावरून रस्ता करून पाहुण्यांची ये-जा चालू ठेवली होती.